पेवातली दोन पिंपं

भावजी अंगणात उड्या मारत होते आणि दोन्ही हातांनी स्वतःच्या छातीवर, दंडावर थापा मारत होते. जाळ कुठेच दिसत नव्हता. ऊन डोक्यावर आलेलं. जमिनीतल्या पेवाच्या तोंडातून एकदाच भप्प असा आवाज झाला होता, गरम वारा वर आला होता आणि मी पाठीवर आपटले होते. उठून बसते तर हा माणूस नाचतोय. मला वाटलं, सोंग करतोय.

हे मी मुद्दाम सगळ्यात आधी लिहिते. नंतर लिहायला ठेवलं तर स्वतःला सावरून लिहीन.

दोन दिवस आमचं भांडण चाललं होतं. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. मी त्यांना चोर म्हटलं होतं. म्हणून ते तोंड वाकडं करून ओरडायला लागले तेव्हा माझ्या मनात पहिलं हेच आलं, की हा नवा डाव. त्यांच्या सदऱ्याची बाही तपकिरी झाली, मग काळी झाली, मग तिथे बाहीच राहिली नाही. तरी जाळ नाही. केस जळाल्याचा वास आला तेव्हा कुठे मला कळलं. त्यांचा सदरा स्पिरिटानं भिजलेला होता, आणि स्पिरिटाचा जाळ भर उन्हात दिसत नाही.

ओट्यावरून माझ्या सासूबाई उठल्या. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. सत्तरी गाठलेली बाई, एरवी भिंतीला धरून चालायची. दाराशी दोन भरल्या घागरी होत्या. प्रवरेच्या कोरड्या पात्रात झिरा उकरून, वाटीवाटीनं भरून, मी पहाटेपासून आणलेलं ते दिवसभराचं पाणी. दुष्काळाचं साल होतं. मी घागरीला हात लावला आणि थांबले. अशा वेळीसुद्धा थांबले.

"वत समदं," आत्याबाई म्हणाल्या, आणि एक घागर त्यांनीच भावजींच्या डोक्यावर उलटी केली.

दुसरी मी ओतली.

आता हे सगळं आलं कुठून ते सांगते. आमचं घर नेवाशाच्या अलीकडच्या एका गावात, पांढरीवर, म्हणजे जुन्या गावठाणात. मालक, म्हणजे माझा नवरा, साखर कारखान्यात फिटर. शेत होतं, पण बहात्तरच्या त्या दुष्काळात शेतात नुसती ढेकळं उरली होती. घर चालत होतं ते मालकांच्या नोकरीवर. माझी शाळा चौथीपर्यंत. पण एवढं मला कळत होतं की ती नोकरी गेली तर आम्हीही बाकी बायकांसारखं खडी फोडायला जाणार. त्या वर्षी मी ज्याच्या त्याच्यावर संशय घेतला तो या एका भीतीनं. त्यात चुकलं असं अजून वाटत नाही. संशय ज्याच्यावर घेतला तिथं चुकलं.

भावजी पंचविशीचे. पुण्यात गॅरेजमध्ये आठ वर्षं राहून आलेले. इंजिनाचा आवाज ऐकून कुठं काय ढिलं आहे ते सांगायचे. संक्रांत झाली आणि ते एक मोटार घेऊन घरी आले. बसकी, लांब नाकाची, दोनच माणसं बसतील अशी. मागचं चाक घोड्याच्या ढुंगणासारखं फुगलेलं. मोटार त्यांची नव्हती. राहुरीकडच्या एका बागायतदाराची होती, ज्याला शर्यतीचं वेड लागलं होतं. मुंबईकडे कुठल्या जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर उन्हाळ्यात मोटारींची शर्यत होणार होती. भावजींनी इंजिन तयार करायचं आणि शर्यतीत गाडी हाकायची. जिंकली तर बागायतदार त्यांना नेवाशाला रस्त्याच्या कडेची जागा गॅरेजसाठी देणार. हे सगळं तोंडी.

"कागद हाय का?" मी विचारलं.

"शब्द हाय," भावजी म्हणाले.

आत्याबाई हसल्या. म्हणाल्या, शब्दाला काय, तो कोरड्या इहिरीतबी घुमतो.

मोटार आमच्या अंगणात चिंचेखाली उभी राहिली. का, तर बागायतदाराच्या घरी त्याच्या वडिलांना हे धंदे माहीत नव्हते. तेव्हाच मला त्यात काळंबेरं दिसलं. ज्याच्या घरात गाडीला जागा नाही, तो गाडीसाठी काय लपवायला सांगेल याचा नेम नाही.

आणि ते आलंच. पेट्रोलवर हे इंजिन ठोकतं, भावजी म्हणाले. त्यांनी इंजिनाचा दाब वाढवून ठेवला होता. एवढ्या दाबाला पेट्रोल वेळेआधी पेटतं आणि आतून हातोडा मारल्यासारखा आवाज येतो. स्पिरिट तसं करत नाही. ते थंड राहतं, दाब सोसतं. मात्र लागतं जास्त, म्हणून त्यांनी कार्बोरेटरची भोकं बारीक ड्रिलनं मोठी करून घेतली. गार इंजिन स्पिरिटावर सुरू होत नाही म्हणून आधी थोडं पेट्रोल पाजायचं. आणि स्पिरिटात वंगण राहावं म्हणून एरंडेल. माझ्या घरातली एरंडेलाची बाटली त्या मोटारीनं प्यायली. लेकरांना द्यायला थेंब ठेवला नाही.

कारखान्याला जोडून डिस्टिलरी होती. उसाची मळी जाते आणि स्पिरिट बाहेर येतं. त्यात दोन प्रकार. एक रंग आणि विष घातलेलं, म्हणजे कुणी पिऊ नये. दुसरं पाण्यासारखं स्वच्छ, औषधाच्या कारखान्यांना जातं, त्याला परवाना लागतो. बागायतदारानं कुणाला तरी धरून परवाना काढला. भावजींनी स्वच्छ घेतलं.

मी म्हटलं, विषवालं का नाही घेत? इंजिन काय मरणार आहे?

"त्यात काय काय घालत्यात ते कुनी सांगत न्हाई, वैनी," ते म्हणाले. "इंजनाच्या नळीत काय चाललंय ते मला नेमकं ठावं पायजे."

मला वाटलं, ठाऊक पाहिजे म्हणे. पिण्याजोगं पाहिजे असं सांग ना.

स्पिरिट पारखताना मी त्यांच्यावर डोळा ठेवून बसायचे. दूध संकलनाला दुधातलं पाणी बघणारा माणूस जसा काचेचा तरंगता बोळा, म्हणजे मापाची नळी, दुधात सोडतो, तसाच एक बोळा ते स्पिरिटात सोडायचे. बोळा जेवढा खाली बुडेल तेवढं स्पिरिट चोख. वर तरंगला की पाणी आहे. मग पितळी पळीत थोडं घेऊन सावलीत पेटवायचे. निळी जीभ उठायची, सगळं जळून जायचं आणि पळीच्या बुडाला थोडा घाम राहायचा. तो घाम म्हणजे पाणी. एकदा आलेला डबा त्यांनी तसाच परत पाठवला. आणणाऱ्याला म्हणाले, रस्त्यात कुणीतरी निम्मं काढून पाणी ओतलंय. त्या माणसानं नजर खाली घातली. तेव्हा मात्र मला वाटलं होतं, हा आपला दीर चोर ओळखतो. पण चोर ओळखायला चोरच लागतो, असंही वाटलं.

ठेवायचं कसं हा खरा घोर. पहिल्या खेपेला त्यांनी ते रांजणात ठेवलं, वर फडकं बांधून. आठ दिवसांनी बोळा बोटभर वर आला. स्पिरिट हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि रांजणाच्या अंगातलंही. ते सगळं वाया गेलं. पुढच्या खेपेला पत्र्याचे डबे आणले, जस्ताचा मुलामा असलेले. त्यात पांढरी पूड बसायला लागली. शेवटी त्यांनी दोन लोखंडी पिंपं आणली, माझ्या कमरेला लागतील एवढी, झाकणाला आटे असलेली. ती पडवीत ठेवली. पडवीत मी स्वयंपाक करायचे. सबंध घराला दवाखान्याचा वास. शेजारणी नाकाला पदर लावून विचारायच्या, काय गं, तुमच्याकडं कुनी आजारी हाय का. आणि डोळे हसायचे. गावानं ठरवून टाकलं होतं की फिटरच्या घरात माल मिळतो. दोघं जण तर बाटली घेऊन दाराशी आले. मी खराटा घेऊन गेले. कारखान्यात ही गोष्ट पोचायला किती वेळ लागणार होता?

"पेव मोकळं हाय," आत्याबाई म्हणाल्या.

पेव म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार. आमच्या अंगणातलं दीड पुरुष खोल, पोटाला रुंद आणि तोंडाला अरुंद, आतून कडब्याचं अस्तर आणि वर शेणाचा गिलावा. तोंडावर फाडी, म्हणजे सपाट दगड, ठेवायची, वरून माती लिंपायची. ज्वारी वर्षानुवर्षं राहायची. त्या साली ज्वारीच नव्हती, म्हणून पेव रिकामं. आत थंड, कोरडं, कुणाला दिसणार नाही. भावजींना पटलं. मला तर कधी एकदा ती पिंपं पडवीतून जातात असं झालं होतं.

पिंपं उतरवण्याआधी भावजींनी स्पिरिट डब्यांत काढलं आणि पिंपांच्या बुडाला थोडं पाणी घालून ती तपासली. एकाच्या बुडाजवळ, सांध्याला, केसाएवढी चीर निघाली. ते म्हणाले, दादाला सांगतो, कारखान्यात वेल्डिंग करून आणील. मी गप्प बसले. मालक स्पिरिटाचं पिंप खांद्यावर घेऊन कारखान्याच्या फाटकातून जाणार, आणि फाटकावरचा पहारेकरी हुंगणार. छान.

भावजी नेवाशाला गेले तशी मी चूल पेटवली. विळ्याची मूठ बसवायला घरात लाख असायचीच. घागरीला बारीक चीर गेली तरी आम्ही ती लाखेनंच बुजवायचो. लाख तापवली, चिरेवर दाबली, बोट ओलं करून सारखी केली, वरून काजळी फासली. संध्याकाळी भावजी आले.

"कशानं बुजवलं?" त्यांनी विचारलं.

"बुजवलं ना. पानी घालून बघा."

त्यांनी पाणी घातलं. दुसऱ्या दिवसापर्यंत एक थेंब बाहेर आला नाही. त्यांनी परत विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

रिकामी पिंपं दोरानं पेवात सोडली, वरून नळीनं भरली. दोन्ही काठोकाठ भरलेली मी बघितली. फाडी ठेवून मी स्वतः माती लिंपली आणि ओल्या मातीवर खळ्यातला लाकडी शिक्का उठवला. खळ्यावर धान्याच्या राशीला रात्री कुणी हात लावू नये म्हणून जो शिक्का मारतात तोच. तो माझ्या पेटीत असायचा. भावजी बघत होते. म्हणाले, "माझ्यावर पाळत व्हय?"

मी म्हटलं, "समद्यांवर."

पुढे महिनाभर असं चाललं. त्यांना स्पिरिट लागलं की मी शिक्का बघायचे, तो धड असायचा, मग फाडी उघडायची. भावजी दिवसभर पेवाचं तोंड उघडं ठेवायचे आणि मग बॅटरी घेऊन उतरायचे. त्यावरून आत्याबाई दर वेळी कुरकुरायच्या. पेवात कोंडलेली हवा माणूस मारते. आमच्याकडे पेवात उतरण्याआधी कंदील सोडतात. कंदील विझला तर उतरायचं नाही, जळत राहिला तर उतरायचं. माझ्या सासऱ्यांचा चुलता कंदील न सोडता उतरला आणि वर आलाच नाही, हे त्या घरात प्रत्येक लेकराला शिकवलेलं.

"बॅटरी कुटं इझती," आत्याबाई म्हणायच्या. "मग तुला कळनार कसं?"

भावजी हसायचे, आणि आगीचं नाव काढू नका म्हणायचे. का ते त्यांनी सांगितलं असेलही. आम्ही ऐकलं नाही.

महिनाभर ते एकाच पिंपातलं काढत होते. दुसरं शर्यतीसाठी राखून ठेवलेलं. शर्यतीला आठ दिवस उरले तेव्हा पहिलं संपलं. भावजी खाली उतरले आणि लगेच वर आले. तोंड उतरलेलं.

"दुसऱ्या पिंपात निम्मंबी न्हाई," ते म्हणाले.

मी शिक्का आठवला. सकाळी मीच बघितला होता, धड होता. म्हणजे बाहेरचा चोर नाही. पेवात उतरणारा माणूस एकच. पहिल्या पिंपाच्या निमित्तानं उतरायचं आणि दुसऱ्यातलं काढायचं, यात अवघड काय? मी ते तोंडावर बोलले. बाटल्या घेऊन दाराशी माणसं आली ती काय देवाच्या नावानं आली होती का, असंही बोलले. भावजी पांढरे पडले. ते म्हणाले, शिक्का कुणाच्या पेटीत असतो? बस, एवढंच म्हणाले. अर्थ कळायला अवघड नव्हता.

मालकांनी दोघांना गप्प केलं. फाडी परत लावली. दोन दिवस घरात भांडीच बोलत होती. भावजींना उरलेल्या स्पिरिटात शर्यत निभणार नव्हती. नवं मागावं तर बागायतदार विचारणार, पहिलं काय केलंस. ती जागा, ते गॅरेज, सगळं त्या निम्म्या पिंपात होतं. आणि मला दिसत होतं की हा माणूस स्वतः विकून आता आमच्यावर ढकलणार, आणि मालकांची नोकरी जाणार.

तिसऱ्या दिवशी मालक पहिल्या पाळीला गेले. दुपारी भावजी चिंचेखाली मोटारीच्या टाकीत डब्यातलं उरलेलं स्पिरिट ओतत होते. नळी सुटली आणि ते त्यांच्या सदऱ्यावर सांडलं. ते तसेच काम करत राहिले. मी पहार घेतली. फाडी सरकवली. मी स्वतः उतरून काठीनं माप घेणार होते. किती गेलं, पिंपाला कुठं उघडल्याची खूण आहे का, सगळं माझ्या डोळ्यांनी बघणार होते.

"हवा खेळू दे," आत्याबाई ओट्यावरून म्हणाल्या. "कंदील सोड आदी."

मला हवा खेळेपर्यंत थांबायचं नव्हतं. मालक घरी आले की ते भावाची बाजू घेणार. मी कंदील पेटवला, दोराला बांधला आणि पेवाच्या तोंडाशी आले. भावजींनी मान वर केली.

"वैनी, कंदील नगं."

मी जन्मात पेवात कंदील नको म्हणणारा माणूस पाहिला नव्हता. माझ्या डोक्यात लख्ख पडलं. कंदील नाही म्हणजे मी उतरणार नाही. मी उतरले नाही म्हणजे पिंप बघणार नाही. एवढीच त्यांची खटपट.

"का नगं?"

"वर घ्या त्यो. वैनी, वर घ्या."

मी दोर सोडायला लागले. एक हात, दोन हात. ते धावत आले, खांद्यानं मला बाजूला लोटलं आणि दोर ओढायला पेवावर वाकले. कंदील तोवर पेवाच्या गळ्याखाली गेला होता.

पुढचं वर लिहिलंच आहे.

पेव तासभर जळत राहिलं. जाळ दिसत नव्हता, नुसती तोंडावरची हवा कापत होती आणि फाडीची कड काळी होत होती. रस्त्यानं दुष्काळी कामाचा खडीचा ट्रक चालला होता, तो आत्याबाईंनी आडवं उभं राहून थांबवला. भावजींना ओल्या धोतरात गुंडाळून खडीवर निजवलं आणि मी शेजारी बसले. नगरपर्यंत ते शुद्धीत होते.  

नगरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, दोन्ही हात, छाती आणि मान. आठ-नऊ दिवस गेले तर माणूस राहील. त्यांनी ते पावसाचं सांगावं तसं सांगितलं. मला ते आवडलं. गोड बोलणाऱ्या डॉक्टरवर मी विश्वास ठेवला नसता.

दुसऱ्या दिवशी जमादार आला. त्यानं विचारलं, "भट्टी फुटली का?"

"भट्टी नव्हती. मोटारीचं स्पिरिट हुतं."

"मोटार स्पिरिट पिते?"

"हे प्यायची."

तो हसला आणि लिहायला लागला. मी विचारलं, काय लिहिता? तो म्हणाला, परवाना दाखवा, नाहीतर मी जे समजायचं ते समजतो. परवाना बागायतदाराकडे. मालक त्याच्याकडे गेले तर तो घरात असून भेटला नाही. माणसाकरवी निरोप, की आमचा त्या मोटारीशी संबंध नाही. या माणसाबद्दल पहिल्या दिवसापासून माझा जो अंदाज होता तो बरोबर निघाला, पण त्याचा काही आनंद झाला नाही. भावजी जगले तर दवाखान्यातून सरळ तुरुंगात जाणार होते, आणि मालकांना कारखाना दारात उभा करणार नव्हता.

चौथ्या दिवशी मी कपडे न्यायला घरी आले. त्याच दिवशी बागायतदाराचा ड्रायव्हर मोटार न्यायला आला. संबंध नसलेली मोटार. त्यानं चावी फिरवली, इंजिन घरघरलं, सुरू होईना. झाकण उघडून बघितलं, परत बसला, परत उतरला. मी ओट्यावर बसून बघत होते. भावजी रोज संध्याकाळी इंजिनातून बोटभर लांबीचा एक काळा तुकडा काढून देवळीत ठेवायचे, कुणी गाडी पळवू नये म्हणून. रोटर म्हणायचे त्याला. त्या दुपारी मोटार पेटू नये म्हणून ट्रकवाल्यांनी आणि मी ती ढकलत लांब नेली होती, तेव्हा मला तो तुकडा आठवला. झाकण कसं उघडतात ते मी महिनाभर पाळत ठेवून बघितलं होतंच. आता तो माझ्या कमरेच्या पिशवीत होता.

"मालकाला सांग," मी म्हटलं, "परवाना जमादाराला दाखवून ये. मग गाडी चालू होईल."

"म्हातारे, तुला गाडीतलं काय कळतं?"

मी तेव्हा तिशीची होते. केस जळून गेलेले, भुवया नाहीत, म्हणून म्हातारी दिसले असेन.

"मला काय कळत न्हाई," मी म्हटलं. "म्हणूनच ती चालंना."

तो दोन तास खटपट करून गेला. दुसऱ्या दिवशी परवान्याचा कागद जमादाराकडे पोचला. जमादारानं अपघात लिहिला. तो लिहिताना मी शेजारी उभी राहिले आणि प्रत्येक ओळ वाचायला लावली. मग तुकडा दिला. मोटार गेली. ती शर्यतीत धावली की नाही, कुणी हाकली, आम्हाला कळलं नाही.

पेव थंड झाल्यावर मालक उतरले होते. वर येऊन म्हणाले, दुसऱ्या पिंपाची बुडाकडची चीर उघडी आहे, आणि खालची जमीन हातभर खोल जळली आहे. म्हणजे स्पिरिट कुणी काढलं नव्हतं. ते तिथेच होतं. कडब्यात, मातीत आणि त्या कोंडलेल्या हवेत.

मला पटलं नाही. लाख आगीनं वितळली असेल, असं मी म्हटलं. आधीपासून गळत होतं कशावरून? मी स्वतःवर संशय घ्यायला इतकी सहज तयार नव्हते. मोटारीजवळच्या डब्यात वाटीभर स्पिरिट उरलं होतं. मी लाखेचा खडा घेतला, काचेच्या पेल्यात टाकला, वर ते स्पिरिट ओतलं आणि पेला झाकून देवळीत ठेवला. शेजारी दुसऱ्या पेल्यात तसाच खडा साध्या पाण्यात. सकाळी पाण्यातला खडा होता तसा होता. स्पिरिटातला गेला होता. पेल्यात तांबडं पाणी होतं, गुळाच्या चहासारखं, आणि बुडाला थोडा चिखल.

आत्याबाईंनी पेला हातात घेऊन उजेडात धरला. मला वाटलं आता बोलतील. त्या म्हणाल्या, "कंदील मी सोडाय लावला," आणि पेला खाली ठेवला. त्यावर त्या आणि मी परत कधी बोललो नाही.

नवव्या दिवशी मी परत नगरला गेले. भावजींच्या हातांना पट्ट्या, मान वळत नव्हती. मी खाटेच्या पायथ्याशी उभी राहिले, म्हणजे त्यांना मान न वळवता दिसेन.

तेच आधी बोलले. "मला वाटलं तुमी इकलं."

"मला वाटलं तुमी."

ते हसायला गेले आणि ओठ फाटून रक्त आलं. मी पदरानं पुसलं. मग मी सांगितलं. चीर लाखेनं बुजवली होती. लाख रात्रीत विरघळते. पेल्यात करून बघितलं.

 "पालिशवाले लाख स्पिरिटातच घोळत्यात, वैनी," ते म्हणाले. "पुन्यात माझ्या गॅरेजच्या शेजारीच हुते."

"मला ठावं नव्हतं."

"इचारायचं."

"तुमी इचारलं हुतं, कशानं बुजवलं म्हणून. मीच सांगितलं न्हाई."

 नर्स आली, तिनं मला बाहेर काढलं. मी व्हरांड्यात बसले. मला रडू आलं नाही. भूक लागली होती. भाकरी बरोबर होती, ती खाल्ली.

भावजी दोन महिन्यांनी घरी आले. उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटून राहिली आणि डाव्याची मूठ पुरी वळेना. गॅरेज झालं नाही. पुढं त्यांनी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर काम केलं. इंजिनाचा आवाज ऐकून काय ढिलं आहे ते सांगायचे, आणि पाना दुसऱ्याच्या हातात असायचा. मला शेवटपर्यंत वैनीच म्हणाले. मी त्यांच्यावर परत संशय घेतला नाही असं नाही. सवय जात नाही. पण घेतला की आधी माझी पेटी उघडून बघायचे.

पेव मालकांनी मुरूम टाकून बुजवलं. त्यानंतर ज्वारी आम्ही पोत्यात ठेवली, ती किडली, तरी पोत्यातच ठेवली.

त्या दुपारी पेवापाशी आम्ही तिघं होतो, आत्याबाई, भावजी आणि मी. तिघंही जगलो.